पोफळीवर चढलेली तार

आमचं फिल्म युनिट मोडून वर्ष झालं. तरी दोघं-तिघं भेटलो की दिवेआगरचे किस्से निघतातच. एक ओढावा तर मागून चार येतात, आणि चहा गार होतो.

युनिट म्हणजे एक कॅमेरा, एक टेपरेकॉर्डर, पाच माणसं आणि सगळ्यांच्या डोक्यावर अप्पा. फिल्म सुपारीच्या वाड्यांवर होती. तिथले गडी एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेऊन जातात, खाली उतरतच नाहीत. आवाजाचं काम माझ्याकडे, आणि मला त्यांचं वरचं बोलणं हवं होतं. म्हणजे माइक गड्याच्या छातीशी, रेकॉर्डर कॅमेऱ्याच्या घरघरीपासून लांब, आणि मधे तार. ती लांब हवी आणि बारीकही. नाहीतर तिच्या वजनानंच माणूस खाली यायचा.

अप्पांचं म्हणणं, "जाड तेवढी टिकाऊ." हे त्यांचं तारेबद्दलचं, चादरीबद्दलचं आणि सुनेबद्दलचंही मत.

*

मुंबईच्या दुकानात मी बारीक तारेचं भेंडोळं मागितलं. शेठ माझ्याकडे न बघता अप्पांना म्हणाले, "काका, बेनने समजावो. आ तो कपडे वाळत घालायची दोरी छे."

"मग द्याच," मी म्हटलं. "ओली लुगडी पेलते ती आवाज पेलेल."

अप्पांनी दोन्ही तारा घेतल्या, माझी बारीक आणि त्यांची जाड केबल. बाहेर येऊन म्हणाले, "तुझी तार फसली की तू पहिल्या एसटीनं घरी, पेणला. तुझ्या वडिलांनी मुलगा बघून ठेवलाय, मी त्यांना शब्द दिलाय."

बी. ए. झाले ते याचसाठी!

*

आगरदांड्याच्या धक्क्यावर दोघांनी जाड केबल खांद्यावर घेतली. होडीवाले चाचा बघतच राहिले.

"साहेब, ह्या अजगराला मधे बसवा. कडेला बसला तर पलीकडे दिघीला आपण पोहत जाऊ."

अप्पा वाटभर केबलवर हात ठेवून बसले होते, आजारी नातेवाईक नेत असल्यासारखे.

*

पहिल्या दिवशी अर्थातच जाड केबल. ती कमरेला बांधून वाडीतला गडी बाळादादा पुरुषभर चढला आणि उतरला.

"साहेब, मी सुपारी काढू का बैल वडू?"

*

मग माझी तार आली. वाडीतून ताणली, चाचणीला बसलो, तर हेडफोनमध्ये नुसती खरखर. अप्पांनी घड्याळ काढून एसटीची वेळ विचारली.

मी तारेमागे धावले. वाडीच्या मालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो, तिच्यावर लुगडी वाळत घालून उभ्या. तार ताणून जोडापाशी सुटत आलेली.

अप्पा ओरडले. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "वाडीत दोरी बांधली की ती सगळ्यांची असते, भाऊजी. नको होती तर बांधायची नव्हती."

*

रात्री मी जोड पक्का केला. दुसऱ्या सकाळी बाळादादा माइक बांधून चढला. शेजारच्या पोफळीवर त्याचा भाऊ. बाळादादानं झोका घेतला, दुसरं झाड धरलं. तार सुतासारखी मागोमाग गेली. तिसरं झाड. चौथं.

अप्पांनी माझ्या कानांवरचे हेडफोन काढून स्वतः लावले. चूक त्यांनाच पकडायची होती. वर बाळादादा शेंड्याला टेकून, शेजारच्या झाडावर येऊन पोहोचलेल्या भावाशी काहीतरी बोलत होता. अप्पांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"तुटली का?" मी विचारलं.

त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. मी कानाला लावले.

"...त्या पोरीच्या मागं काय लागलाय रं हा म्हातारा? सोताला काय येत न्हाय, निस्ता वराडतो. एकदा चढवू या का त्याला हितं?"

भाऊ हसला, तेही ऐकू आलं.

अप्पा धोतर झटकत उठले. "आवाज स्वच्छ आहे," म्हणाले. "रेकॉर्डिंग चालू ठेव."