कालचा कागद

कागद हातात दिला की काका आधी तो नाकाशी न्यायचे. वाचायचे नंतर. डोळे मिटून, आमटीचा वास घ्यावा तसा लांब श्वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. माझ्या कागदांचा निकाल ठरलेला. "कालचा!"

काका म्हणजे गिरगावातल्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहणारे. सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलेली. जुने दस्तऐवज वाळवीपासून आणि साहेबांपासून वाचवणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात पेन्सिल असायचीच. हाती आलेल्या कागदाच्या पाठीवर बारीक अक्षरात शेरा मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लाइट बिलसुद्धा सुटायचं नाही.

आणि मी? बँकेतून मुदतीआधी बाहेर पडलेली, छप्पन्न वर्षांची, स्क्रॅपबुकच्या नादाला लागलेली बाई. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. काम संपलं की ती हातात कात्री घेतात. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला अल्बम करायचा होता. फोटो होते, पण आई-बाबांच्या लग्नाची पत्रिका घर बदलताना हरवली होती आणि आई अजून तिच्यासाठी हळहळायची. मजकूर तिला तोंडपाठ होता. मी ठरवलं, तीच पत्रिका नव्याने छापायची, जुनी करायची आणि "सापडली गं!" म्हणून अल्बमात लावायची. सरळ सरळ आईला फसवायचा बेत. पण हेतू चांगला आहे, असं मी मला रोज सांगत होते.

मग सामान आलं. तपकिरी शाईचे पॅड, ती चोळायचे स्पंज, कडा कुरतडायचं इवलंसं पातं, पॉलिश पेपर, फवाऱ्याची बाटली. पहिल्या दिवशी कागदापेक्षा माझी बोटंच जुनी झाली. कडा कुरतडून नेल्या तर काका म्हणाले, "उंदीर पाळलायस का?" शाई चोळून नेली तर म्हणाले, "पोरी, हा कागद जुना नाही, मळकट आहे. अंघोळ केली नाही म्हणून कोणी म्हातारं होतं का?" मला पोरी म्हणणारा तेवढाच एक माणूस उरला होता, म्हणून ऐकून घ्यायचे. एकदा चहात बुडवून वाळवलेला तुकडा नेला. "कालचा. आणि वेलची जास्त झालीय."

प्रत्येक तुकडा ते ठेवून घ्यायचे. "नमुना असू दे," म्हणायचे. मधे ते तापाने पंधरा दिवस पडून होते, तेवढाच खंड. मला तर आता काकांच्या तोंडून 'जुना' ऐकायचंच होतं. ते फसले तरच आई फसेल, असं मी डोक्यात घेतलं होतं. हट्टीपणात आमच्या घरात माझा नंबर पहिला.

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी दोन पत्रिका घेऊन गेले, एक अल्बमची, एक नमुन्याची. काकू भाजीला गेल्या होत्या. काकांनी कागद नाकाशी नेला, डोळे मिटले. मी श्वास रोखून उभी.

"जुना," ते म्हणाले. "खात्रीने जुना. लाव जा."

मी नाचायचीच बाकी होते! रोखलेला श्वास सोडला, पुढचा घेतला, आणि ठसकाच लागला. घरभर जळका वास. आत गॅसवरचं दूध उतू जाऊन पातेलं करपत होतं. काका माझ्याकडे बघून निवांत हसत होते. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

"काय झालं गं?"

"काही नाही काका. दूध बघितलं."

तेव्हा कुठे उलगडलं. तापाने काकांचं नाक नेलं होतं. गॅसचं मी काकूंच्या कानावर घातलं, काकांना मात्र काही बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाचा मान राखला म्हणून स्वतःवर जरा खूशही झाले, काय सांगू!

आईने पत्रिकेवरून हात फिरवला आणि ती रडली. फसली की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

काका गेले त्याला दोन वर्षं झाली. परवा काकूंनी कपाट आवरताना एक फाइल आणून दिली. माझे सगळे नमुने, नीट टाचलेले. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीचा शेरा. 'कालचा.' 'उंदीर.' 'वेलची.' सगळ्यात शेवटी पत्रिका. तिच्या पाठीवर लिहिलं होतं: 'वास येत नाही. ताप गेल्यापासून कसलाच येत नाही. पोरीचा चेहरा बघवेना. जुना.'

मोठी आली मान राखणारी! मी भरपूर रडून घेतलं.

मग ती फाइल नाकाशी नेली. डांबराच्या गोळ्या, कपाटाचं लाकूड, थोडी धूळ. चहा नाही, वेलची नाही, शाई नाही. कागद खरोखरच जुने झाले होते. काकांना दाखवायला म्हणून मी फाइल घेऊन समोरच्या दारापर्यंत गेले, आणि तिथूनच परत आले.