बापूस पयलो

पुस्तक हातात घेतलं की तो थेट शेवटचं पान उघडायचा आणि स्वतः न वाचता माझ्यासमोर धरायचा. "बाय, ह्याच्यात बापूस पयलो मरता मां?"

शेवट आधी विचारणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. आमच्या किनाऱ्यावरच्या वाचनालयात मी वीस वर्षं पुस्तकं दिली, पण असं गिऱ्हाईक दुसरं पाहिलं नाही. हा रापणीवरचा माणूस. रापण म्हणजे वाळूवर उभं राहून वाडीतल्या तीस-चाळीस जणांनी मिळून ओढायचं जाळं. दोरीला हात लावेल त्याला मासळीचा वाटा. त्याच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास असायचा, पुस्तक मात्र धुतलेल्या पंच्यात गुंडाळून न्यायचा.

पुस्तकं मुलीसाठी. अकरा वर्षांची, आईविना वाढलेली, रक्ताच्या आजाराने अंथरुणाला खिळलेली. टीव्हीवर त्सुनामी दाखवली तेव्हापासून तिला जग बुडाल्याच्याच गोष्टी हव्या असायच्या. तो वाचून दाखवायचा. सगळं जग बुडू दे, त्याची हरकत नव्हती. बापाआधी पोर गेलेलं मात्र त्याला पुस्तकातही चालत नव्हतं. "बापूस पयलो. तोच कायदो," म्हणायचा. गोव्याच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यालाही.

एकदा घाईत, मी स्वतः न वाचलेल्या कादंबरीबद्दल "हो, मरतो" म्हणून टाकलं. जगात फक्त बाप आणि मुलगी उरतात, अशी ती गोष्ट. शेवटी मुलगी मरते. त्याने वाचता वाचता शेवट फिरवला. पण तो रापणीवर गेल्यावर पोरीने पुस्तक उघडून स्वतः वाचला.

मी माफी मागायला त्याच्या घरी गेले. अजून लाज वाटते त्या दिवसाची. पोर माझ्यावर रागावली नव्हती. ती बापालाच जाब विचारत होती.

"बाबा, तो बापूस मागसून जेवलो काय?"

"ता पुस्तकात नाय."

"एकट्याक रापण ओढूक जमाचा नाय. मगे तू काय करतलंस?"

त्याने पुस्तक पंच्यात गुंडाळायला घेतलं.

"गरी टाक," ती म्हणाली. "दोन येळ पेज शिजव. न जेवता रवूचा नाय. माजी शपथ आसा तुका."

पावसाळा संपायच्या आत ती गेली.

त्यानंतर तो वाचनालयात आला नाही. रापणीवरही गेला नाही. लोक हाका मारायचे, "ये रे, दोरीक हात लाव, वाटो घे." त्याला ऐकू जायचं नाही. खडकावर गळ टाकून तो एकटाच बसलेला असायचा, जसं काही गावात कुणी उरलंच नव्हतं.

एका दुपारी मी जवळ गेले. कडू काढा घ्यावा तशी तो पेज घोटाघोटाने गिळत होता.

"जाता काय रे पोटात?"

"जाणा नाय गो बाय. पण शपथ आसा मां."

शपथ मोडली की ज्याची घेतली ते माणूस मरतं, म्हणून आपण शपथ पाळतो. तिला जाऊन वर्ष झालं होतं. त्याने भांड्याला तोंड लावलं आणि उरलेली पेज संपवली.