मामंजींची हलकी बंदूक

आमच्या मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, जन्मात कोणावर विश्वास बसला नाही. देवळात नारळ फोडला की दोन्ही वाट्या जुळवून बघत, पुजाऱ्याने बदलला तर नाही ना. त्यांचं घर खर्डीजवळ आणि मी मुरबाडकडची. लग्नाला सात वर्षं झाली तरी म्हणत, "मुरबाडची माणसं गोड बोलून फसवतात." मी गोड कधी बोलले नाही, तर त्याचाही त्यांना संशय.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. चैत्रात गाव डुकरांच्या शिकारीला निघे, तेव्हा बंदूक घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचा मान त्यांचा. साठी उलटली आणि चढावर धाप लागू लागली. दुसरा कोणी म्हणाला असता, वय झालं. मामंजींना वाटलं, बंदूक दरवर्षी जड होते आहे. "कोणीतरी नळीत शिसं ओततंय," ते म्हणाले. हा कोणीतरी म्हणजे माझा नवरा. बंदूक मुलाच्या हाती गेली की आपण घरी बसलो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग त्यांनी तीच बंदूक नव्याने, हलकी करून घ्यायचं काढलं. शहापूरच्या कचेरीत खेटे घालून मंजुरी आणली. नळी मुंबईहून आणली, आखूड आणि पातळ. ती सरळ आहे का बघायला आतून दोरा ताणतात. पण दोरा दुकानातला, त्याचा काय भरवसा? म्हणून माझ्या डोक्याचा लांब केस मागितला, आणि घेताना विचारलं, "तुझाच ना गो?" घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटतो तो, त्यांनी कानाशी वाजवून निवडला. सात ऐकले, आठवा घेतला, आणि घरी येऊन म्हणाले, दुकानदाराने चांगला लपवला. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता आटगावच्या सुताराकडे दिला.

"शिसवी घ्या बाबा, दणका सोसंल," सुतार म्हणाला.

"जड लाकूड खपवतोस? तुझ्या मेव्हण्याची वखार हाय, मला काय ठावं नाय?"

"मंग पांगाऱ्याचा करू? वाऱ्यानं उडंल."

शेवटी शिवणीचं लाकूड ठरलं. ओंडका मामंजींनी आधी तोलला. सुतार तासत होता ते चार दिवस समोर बसून राहिले आणि दस्त्याबरोबर भुसा, ढलप्या गोणीत भरून घरी घेऊन आले. सगळं पुन्हा तोललं तर अर्धा पाव कमी. तसेच परत गेले आणि सुताराला उभा करून त्याचं धोतर झटकायला लावलं. "डोकं पण झाडू काय?" सुतार म्हणाला. मामंजींनी झाडून घेतलं.

बंदूक झाली तीन शेरांची. हलकी बंदूक दणका जास्त देते. अंगणात पहिला बार काढला तर मामंजी थेट शेणाच्या ढिगात बसले. "कोणीतरी दारू जास्त ठासली," म्हणाले. ठासली होती त्यांनीच.

चैत्रात उंबरमाळीकडच्या डोंगरात शिकार निघाली. रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांच्या भाकऱ्यांची पाटी घेऊन मी सगळ्यांच्या मागे होते. पहिल्या वळणावर मामंजी बसलेले. पायात काटा रुतलाय सांगून त्यांनी माणसं पुढे धाडली होती. काटा नव्हता. तोंड पांढरं पडलं होतं. बंदूक हातात तोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हिला कोणी हात लावला काय?"

"नाय मामंजी. तुमच्या उशाशी होती."

"मंग जड झाली कशी?"

खोटं बोलायची मला सवय नाही, आणि खरं त्यांना कळलं होतं. मी बंदूक पाटीवर आडवी ठेवली, वर जुन्या लुगड्याचा धडपा टाकला आणि पाटी डोक्यावर घेतली. ते काठी टेकत पुढे चालले. दर दहा पावलांनी वळून बघत, मी बंदूक घेऊन पळत तर नाही ना.

माथ्याच्या जरा खाली त्यांनी ती मागून घेतली, खांद्याला लावली आणि माणसांच्या पुढे जाऊन उभे राहिले. डुक्कर काही मिळालं नाही. वर्षभर मला विचारत, "कोणाला सांगितलंस?" मी म्हणे, "नाय." "खोटं," ते म्हणत. मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या चैत्रात त्यांनी बंदूक घरातूनच माझ्या हाती दिली. चढावर एकदाही वळून बघितलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. मी मुद्दाम मागे रेंगाळले, एका वळणावर तर उभीच राहिले. तरी ते वळले नाहीत.