कवटीच्या तळाचं भोक

"खालून गोळी घातली, म्हणून तर एवढं मोठं भोक पडलं!" पोलीस जमादारांनी कवटी दवाखान्याच्या टेबलावर आपटली.

"आपटू नका! माणसाची हाय ती. अन् गोळीबिळी काही न्हाई!" मी म्हणाले.

कोपऱ्यात सखाराम धनगर, हात बांधलेला. ओढ्याची दरड कोसळून कवटी उघडी पडली, ती घोंगडीत गुंडाळून यानंच आणून दिली. त्याचं हे इनाम!

गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात मी आया. निजामाचं राज्य गेलं, पाट्या बदलल्या; आयाबाईनं तोंड मिटून राहायचं, हा कायदा तेवढा राहिला! म्हणून माझ्याकडं किश्श्यांपेक्षा भांडणंच जास्त साठली. एक काढलं की मागून चार निघतात.

*

दवाखान्याच्या कपाटात एक कवटी असायची. धूळ पुसताना मी तिच्या तळाच्या एकेका भोकात खराट्याची काडी घालायची. काडी कुठून शिरते, कुठं निघते, ते पाहायची. कुठून कोणती नस जाते, ते डॉक्टरांच्या पुस्तकातल्या चित्रांवरून जुळवलं. अक्षरंही तशीच शिकले.

कंपाउंडर किंचाळला, "बाई, विटाळ होईल!"

"मग उद्यापासून तुमी पुसा!"

पुन्हा विटाळाचं नाव नाही.

*

एकदा तोंड वाकडं झालेला माणूस आला. डॉक्टरांनी कंपाउंडरला विचारलं, "चेहऱ्याची नस कवटीतून कुठून बाहेर पडते?" त्यानं डोळ्याची खोबण दाखवली!

मी दारातून म्हणाले, "कानाखाली. सुईसारखं हाड हाय ना, त्याच्या मागच्या बारीक भोकातून."

डॉक्टर तापले. "आयाबाई, तुम्हाला कोणी विचारलं?"

"न्हाई विचारलं, म्हणूनच चुकलं!"

*

तर, जमादार. त्या दिवशी डॉक्टर सेलूला गेलेले. मी कपाटातली कवटी आणून शेजारी उलटी ठेवली. तळाला तेच भोक, तेवढंच!

जमादार म्हणाले, "यालाबी गोळीच घातली असंल!"

सखाराम पुटपुटला, "साहेब, मेंढराच्या डोक्यालाबी असतंय. भेजा तिथूनच काढतो आमी."

"गप! अन् बाई, तू कोणाला शिकवायलीस? जा, फरशी पूस!" जमादारांनी टाक दौतीत बुडवला. कागदावर 'खून' लिहिलं की सखाराम गेलाच परभणीच्या जेलात!

मी त्यांच्यामागं गेले, मानेच्या खळगीवर बोट टेकवलं अन् जे बोलले, त्यावर सखारामचे हात सुटले:

"जमादारसाहेब, इथं आत तुमच्या कवटीलाबी हेच भोक हाय, लिवा की, तुमाला कोणी मारलं!"