उलट्या पडद्यावरची पत्रिका

भारतीच्या लॅपटॉपवरचं जग मी शीर्षासनात उभं केलं, तेही ऐन लग्नसराईत आणि तिने काही सांगितलेलं नसताना. सकाळी ती पत्रिकांचा कागद आणायला डहाणूला गेली आणि जाताना म्हणाली, "काका, जरा दुकानात बसा." नुसतं बसायचं होतं. पण पडद्याच्या कोपऱ्यात नवी आवृत्ती आल्याची पाटी दिसली, की मला बसवत नाही. मी उबुंटू अपग्रेड केलं. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तेव्हा सगळी अक्षरं पाय वर करून लटकत होती.

तलासरी नाक्यावर भारतीचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी आणि एक फळी. उधव्याकडच्या भात-नाचणी पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी टायपिंग शिकली आणि थेट नाक्यावर येऊन बसली. हात भराभर चालतात, तोंड त्याहून भराभर. पूर्वी गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे आणि लग्नाच्या पाहुण्यांसारखे मुक्काम ठोकायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन मी डहाणूजवळच्या मसोलीत रिकामा बसलो होतो, तेव्हा तिच्या जुन्या लॅपटॉपवर व्हायरसला दाद न देणारं लिनक्स, म्हणजे हेच उबुंटू, घालून दिलं. त्या पुण्याईवर मी तिच्या दुकानात हक्काने चहा पितो.

ती परतली. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, काय केलंत?"

"अपग्रेड."

"आता संध्याकाळच्या जीपने सुकऱ्याभाऊच्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिका उधव्याला जायच्यात. काय पाठवू, तुम्हाला?"

तिची काळजी खरी होती. आमच्याकडे पत्रिकेत एखादा काका गाळला, तर तो मांडवात पाऊल ठेवत नाही आणि सोबत अर्धा पाडा घरी ठेवतो. आठच दिवसांपूर्वी कुणाचा तरी मेव्हणा राहिला होता. नाव सांगणारेच विसरले होते, पण नाक्यावर बोभाटा झाला तो "टायपिंगवालीने खाल्लं" असा. सगळ्या पत्रिका तिने पदरच्या कागदावर पुन्हा छापून दिल्या. लागोपाठ दुसऱ्यांदा तसं झालं असतं, तर गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेलीच म्हणून समजा.

मी सेटिंगमध्ये शिरलो. चित्र सरळ केलं. भारतीने "हुश्श" म्हटलं, फळी जराशी हलली आणि चित्र पुन्हा उलटं! उपाय शोधायला फोन काढला, तर सीमेवरच्या या नाक्यावर त्याची रेंज निम्मा वेळ महाराष्ट्रात, निम्मा वेळ गुजरातेत.

तेवढ्यात सुकऱ्या आणि त्याची थोरली बहीण बायजी फळीपलीकडे येऊन उभे राहिले.

"अरे वा," सुकऱ्या वाकून म्हणाला, "आज आमच्या बाजूने दिसतं की!"

 हे ऐकताच भारतीने लॅपटॉपचं झाकण मागे ढकलून फळीवर पार आडवं केलं. उलटी अक्षरं पलीकडच्यांना अगदी सरळ दिसायला लागली. माऊसही तिने शेपूट स्वतःकडे करून फिरवला, तेव्हा कुठे बाण तिच्या मनासारखा चालू लागला.

"भाऊ, आधी टाइप केलेलं तुम्ही वाचा. राहिलेलं मी टाइप करते."

सुकऱ्या एकेका नावावर बोट ठेवून वाचू लागला. "निमंत्रक... लडक्या, धाकल्या, जानी..."

"आणि झिपरू?" बायजी कडाडली. "धाकट्या भावाला इसरलास? तो काय नाल्यात सापडला?"

"घाल गं बाई, झिपरू घाल!"

"आणि खाली पोरांची नावं? 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं', त्यात माझा नातू नाय!"

"बायजीआत्या, तो अजून बोलत पण नाही," भारती म्हणाली.

"पत्रिकेत बोलू दे!"

नातू बोलला. आणखी दोन मामा उगवले. भारतीची बोटं पडद्याकडे न बघता चालत होती. शेवटी सुकऱ्याने सगळं पुन्हा वाचलं, बायजीने मान डोलावली, तेव्हाच प्रिंटर सुरू झाला. कागदावर सगळं सरळच उमटलं. जीप हॉर्न वाजवत उभी होती. सुकऱ्या गठ्ठा काखेत मारून पळाला.

मी मात्र मसोलीला जाऊन जिवाचं रान केलं. लॅपटॉप कसा धरलाय हे ओळखणारा एक भाग त्याच्या पोटात असतो. जुनं उबुंटू त्याला विचारत नव्हतं. नवं विचारत होतं आणि तो बिचारा खुशाल उलटं सांगत होता. त्याला गप्प करायची आज्ञा सापडली. ती घोकत मी दुसऱ्या दिवशी तलासरीला पोचलो, तर फळीपुढे दुसऱ्या लग्नाची मंडळी पडद्यावर डोकी घालून आपसात भांडत होती, आणि भारती मजेत चहा पीत होती.

"भारती, सरक," मी म्हणालो. "एका मिनिटात सरळ करतो."

"हात लावू नका काका, सरळ होता तेव्हा चूक माझी असायची."