पोटाला लावलेलं मेण

अक्काच्या वर्कशॉपमधल्या सगळ्या सर्फबोर्डांना मी मेण लावलं. तेही पोटाला. मेण लावायचं असतं पाठीला, वर उभं राहणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून. पोट पाण्यावरून सरकायचं असतं, ते गुळगुळीतच हवं. पण भिंतीशी टेकवलेल्या बोर्डांची जी बाजू समोर दिसली, ती मी मनापासून घासली. आमच्या गावात पाणी फक्त टाकीत असायचं, एवढाच माझा बचाव.

मी तिच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. दोन दिवसांसाठी आलो होतो आणि रोज 'उद्या निघतो' म्हणत होतो. या गावात घाई कुणालाच नाही. पोस्टमनसुद्धा आधी लाटा बघून येतो, मग पत्रं वाटतो. आयता चहा पिऊन पिऊन लाज वाटायला लागली, म्हणून मदत करायला गेलो.

अक्का बाजारातून आली. भुवयांवर नेहमीसारखी घासलेल्या फायबरची पांढरी भुकटी.

"पाहुणे, हे कुणी केलं?"

"मीच. म्हटलं तेवढीच मदत."

"शेजारच्या दुकानात करायची होती की."

अक्का पूर्वी भावाच्या गॅरेजात गाड्यांचे बंपर सांधायची. एकदा एका पर्यटकाचा बंपर आणि टपावरचा बोर्ड एकाच खांबावर फुटले. अक्कानं दोन्ही सांधले, आणि बंपर भावाला सोडून बोर्ड धरले. स्वतः मात्र गुडघ्यापुढे पाण्यात जात नाही. "नाकात पाणी गेलेलं मला आवडत नाही," म्हणते.

त्या दुपारी सर्फिंग शाळेचे सर यायचे होते. चिरलेला एक बोर्ड त्यांनी तिला करून बघायला दिला होता. काम पसंत पडलं तर शाळेचे सगळे बोर्ड तिच्याकडे; नाही पडलं तर शहरातल्या दुकानाकडे, आणि अक्का पुन्हा भावाच्या बंपरांकडे. चीर पोटावर होती. तिच्यावर आता माझं मेण.

सर लवकरच टपकले.

"झाला का?"

"झालाय. पुसायचा राहिलाय. आमच्या पाहुण्यांनी पोटाला मेण चोपडलंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"उन्हात ठेवा, मऊ झालं की खरवडा," अक्का त्यांच्या हातात फडकं देत म्हणाली. "तुमचे हात तसेही रिकामेच आहेत."

सरांना काम सांगणारं गावात दुसरं कुणी नसावं. कारण ते मुकाट्यानं बसले. खरवडलं, पुसलं, मग कुठे चिकट राहिलंय का ते तळव्यानं चाचपत पार शेपटीपर्यंत गेले. परत आले. बोर्ड डोळ्यांशी तिरका धरून पाहिला.

"अक्का, चीर कुठे होती?"

"बोर्ड तुमचा, चीर तुमची. मला काय विचारता?"

सरांनी पुन्हा हात फिरवला. "इथे असेल."

"वीतभर अलीकडे. दोनदा हात गेला तुमचा तिच्यावरून."

सर हसले. "सोमवारी बाकीचे पाठवतो."

"मंगळवारी पाठवा. सोमवारी उरलेलं मेण काढायचंय, यांच्याकडून."

ते गेल्यावर मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"कशाची? काम मी केलं होतं. मेण तुम्ही लावलं होतं."

मेण मी सोमवारी काढलं, खांदे भरून येईपर्यंत. आता गिऱ्हाईक वाढणार, तर शटरवर दुकानाचं नाव हवं, असं अक्काच्या मनात आलं. लहानपणी शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचो, हे मी तिला उगाच सांगून बसलो होतो. संध्याकाळी निळी ठसठशीत अक्षरं काढली. रंगाला दुसरा हात द्यायला पहिला वाळायला हवा. सकाळी तो ओलाच होता आणि मला एकदाची घरी नेणारी बस दारात उभी होती.

"दुसरा हात पुढच्या खेपेला," मी खिडकीतून म्हणालो.

"या सावकाश. शटर कुठे जात नाही."

अक्षरांमधून जुना पत्रा अजून दिसत असणार. विचारणाऱ्यांना अक्का सांगते म्हणे, रंगारी गावाला गेलाय, येईल.