इंग्रजीत सोपं वाटलेलं वाक्य

दक्षिणेकडं जाणाऱ्या गाड्या कर्जतला जरा जास्तच थांबतात. पुढं घाट असतो, म्हणून मागून ढकलायला आणखी इंजिनं जोडतात. त्यामुळं मला आई-अप्पांजवळ थोडा जास्त वेळ मिळाला, आणि त्या वेळाचं काय करायचं ते आम्हा तिघांनाही कळलं नाही. आईनं तांदळाच्या भाकऱ्या नि सुकटीची चटणी बांधून आणली होती. ती पुरचुंडी तिनं माझ्या हातात दिली, परत घेतली, गाठ घट्ट केली नि पुन्हा दिली. अप्पा लांब उभे होते. गाडी सुटायच्या बेताला खिडकीशी आले नि म्हणाले, "तुझ्या आज्यानं धर्म बदलला तो माणूस म्हणून जगायला. तू कशापायी चाललीस गं?"

उत्तर त्यांनाही ठाऊक होतं.

नितीन माझा धाकटा भाऊ. आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, कळंबजवळ. अप्पा तिथल्या एका रिसॉर्टची बाग बघतात आणि संध्याकाळी विहारात वंदना म्हणतात. नितीन खालापूरला टोलनाक्याजवळच्या हॉटेलात कामाला होता. कामावरून येताना महामार्ग ओलांडत होता, गाडीनं उडवलं. स्मशानातून आल्यावर अप्पा मला म्हणाले, "अनित्य हाय सगळं, पोरी. धरून ठेवू नको." त्यांना त्या शब्दांतून बळ मिळालं. मला नाही मिळालं. मला माझा भाऊ पाहिजे होता.

पुढं पनवेलला नर्सिंग शिकताना होस्टेलमधली एक मैत्रीण मला तिच्या रविवारच्या सभेला घेऊन गेली. मॉर्मन हे त्या ख्रिस्ती पंथाचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिथं एक बाई बोलता बोलता म्हणाल्या की कुटुंब मरणानं तुटत नाही, पुढंही एकत्रच राहतं. मी मागच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. बाप्तिस्मा घेतला तो त्या एका वाक्यासाठी, आणि दीड वर्षासाठी मिशनरी म्हणून बंगळुरूला निघाले तीही त्याच्याच जोरावर.

तुमच्यातले जे गाव सोडून गेले, त्यांना परक्या मुलखात नवं नाव लागणं म्हणजे काय ते कळेल. मी सिस्टर गायकवाड झाले. लांब स्कर्ट, छातीवर नावाचा काळा बिल्ला. सोबत कायम माझी कम्पॅनियन, राजमुंद्रीची सिस्टर पॉल, कारण एकटीनं कुठं जायचं नाही असा नियम. सकाळी धर्माचा अभ्यास, दुपारी बायकांना इंग्रजी शिकवणं, संध्याकाळी आजाऱ्यांच्या घरी भेटी. सोमवारी कपडे धुवायचे, भाजी आणायची नि घरी व्हिडिओ कॉल करायचा. मी आईला तिथलं सगळं, मधेमधे नितीनचंही, भरभरून सांगायचे. अप्पा मागून नुसते जाता-येता दिसायचे. कुटुंब कायमचं असतं, हे मी इंग्रजीत इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते आपोआप जिभेवरून घसरायचं.

एका मंगळवारी आमच्या चर्चमधल्या इंजिनिअरचा निरोप आला. त्याच्या साइटवर बीडकडचा एक गवंडी होता. त्याचं लहान पोर पाण्याच्या टाकीत पडून गेलं होतं. पोराची आई उठत नव्हती, खात नव्हती आणि तिची भाषा तिथं नवऱ्याशिवाय कुणाला येत नव्हती. मला येत होती. धर्माचं काही बोलायचं नाही, घरकामाला हातभार लावायचा, एवढं ठरवून आम्ही गेलो.

सविता तिचं नाव. माझ्याच वयाची. पत्र्याच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली. आम्ही रोज जात राहिलो. मी पाणी भरलं, भांडी घासली, तिच्या नवऱ्याला भाकरी करून घातली. सिस्टर पॉलला भाकरी जमत नव्हती, ती सविताच्या केसांना तेल लावत बसायची. शुक्रवारी सविता उठून बसली आणि तिनं माझ्या हातून भाकरीचे दोन घास खाल्ले. त्या दिवशी परत जाताना मी बसमध्ये गुणगुणत होते.

शनिवारी तिनं विचारलं, "ताई, तुमी देवाधर्माच्या बाया हाव ना? मग सांगा की, कुठं असंल माझं लेकरू?"

मी वाक्य मराठीत जुळवलं. "ते भेटेल तुम्हाला. पुढं तुम्ही सगळे परत एकत्र असाल."

"तुमचं कुणी गेलंय का?"

"भाऊ."

"मग त्यो भेटंल तुमाला?"

इतका साधा प्रश्न मला माझ्या भाषेत तोवर कुणी विचारलाच नव्हता. हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला नितीन दिसला, दवाखान्यात पांढऱ्या चादरीखाली पाहिला होता तसा. नुसता पडलेला. कुठं गेलेला नाही, कुठून येणारा नाही. उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं. सविता माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं पदर तोंडावर ओढला नि परत भिंतीकडं वळली.

रविवारी कळलं, ते नवरा-बायको साइट सोडून गावी निघून गेले. सिस्टर पॉल म्हणाली, प्रार्थना कर. मी गुडघे टेकले. पलीकडं कुणी ऐकतंय असं वाटेचना. नितीन माझ्यापुरता त्या दिवशी दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी रडू पण आलं नाही.

उरलेलं मिशन मी हसतमुखानं पूर्ण केलं. मधेच सोडून यायचं तर अप्पांना काय सांगणार? आता खालापूरला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, तिथंच खोली घेऊन राहते. चर्चला जात नाही. विहारात अप्पांशेजारी बसले तर वंदना तोंडपाठ म्हणता येते, एवढंच.

सुट्टीच्या दिवशी घरी जाते. परतल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा अप्पा विहारात जाताच आई ओट्यावर तांदूळ निवडता निवडता सूप घेऊन माझ्याजवळ सरकली. "फोनवर सांगायचीस तसं सांग ना गं. नितीनचं."

फोनवर त्यावर ती कधी एका शब्दानं बोलली नव्हती.

"तू सांगतेस म्हणून सकाळी उठावंसं वाटतं," ती म्हणाली. "नायतर काय ऱ्हायलंय?"

मग मी सांगितलं. तेव्हापासून दर वेळी सांगते. तो तिथं बरा आहे, तुझी वाट बघतोय. माझ्यातलं सगळं विझून गेलंय, पण आईपुढं मी अडखळत नाही. ती डोळे मिटून ऐकते. मधेच विचारते, "जेवत असंल ना गं?" मी म्हणते, "पोटभर जेवतो."

लांब गेलेल्यांनो, तुम्ही घर कशाला म्हणता, मला माहीत नाही. मला तरी आता तेवढा एक ओटा नि त्यावर बसलेली आई, एवढंच घर उरलंय, आणि तिथं मला खरं बोलता येत नाही. अप्पा येताना दिसले की आम्ही दोघी गप्प होतो. हल्ली ते फाटकाशी आले की आधी मोठ्यानं खोकतात, नि मग सावकाश चपला काढत बसतात.